होकार आजीचा

ऐरोली. सकाळचे साडेनऊ. ताईंच्या एका खांद्याला वजनकाटा, दुसऱ्या खांद्याला लांबी मोजायची फळी. इमारतीला लिफ्ट नाही, घर चौथ्या मजल्यावर.

निरोगी बाळांच्या वाढीच्या अभ्यासासाठी ताई घरं शोधतायत. दार आजी उघडतात.

"बाळ चांगलं आहे की आमचं. मग मोजायचं कशाला?"

"चांगलं आहे म्हणूनच, आजी."

हे 'म्हणूनच' समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून जगभर जो वाढीचा तक्ता वापरात होता, त्यातली तान्ही बाळं होती अमेरिकेतल्या ओहायोची, बहुतेक बाटलीच्या दुधावरची. अंगावर पिणारं धडधाकट बाळही काही महिन्यांनी त्या रेषेच्या खाली उतरलेलं दिसायचं आणि आईला वाटायचं, आपलंच दूध पुरत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत सुमारे ८,४४० निरोगी, अंगावर प्यायलेली मुलं नव्याने मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली. जन्मापासून ज्यांचा माग ठेवला, त्यांच्या घरी दोन वर्षांत २१ भेटी.

एकवीस भेटी! अशा अभ्यासात इथेच घरं गळतात. या आजींची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. तीन महिन्यांनी कराडला सासरी जाणार. ताई पाणी पितात, बाळाचं कौतुक करतात आणि फळी न उघडता जिना उतरतात.

घणसोली. इथे घर सासरचं, म्हणजे बाळ इथेच वाढणार. पण सव्वा महिना झालेला नाही आणि उघड्या बाळाला काट्यावर ठेवलं तर दृष्ट लागेल, ही धास्ती. संमतीपत्रावर सही आई करते. होकार मात्र आजीचा लागतो. ताईंनी अर्धा तास आजींशीच बोलण्यात घालवला, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोलाचा.

आता बघा. एक ताई बाळाचं डोकं फळीला टेकवून धरते. सोबत आलेली दुसरी गुडघे अलगद दाबून सरकती पट्टी तळव्यांना भिडवते. माप मिलिमीटरपर्यंत. मग दोघी जागा बदलतात, पुन्हा मोजतात, आकडे ताडून पाहतात. तिटीचं काजळ ताईंच्या बोटाला लागलंय.

सहा देशांतल्या त्या मोजणीतून २००६ साली नवे तक्ते आले. अंगणवाडीच्या कार्डावरचे हिरवा, पिवळा, केशरी पट्टे त्यांच्यावरूनच आखलेले.

आकडे लिहून होतात. आजी मीठ-मोहऱ्या घेऊन येतात, बाळावरून उतरवतात.

मग ताईंवरूनही.