चेरीचं झाड सोडा, उंदरांचं ऐका

मंडळी, जॉर्ज वॉशिंग्टनची ती गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, छोट्या जॉर्जने कुऱ्हाडीने बाबांचं चेरीचं झाड तोडलं, बाबांनी विचारलं कोणी तोडलं, आणि हा म्हणे, मी खोटं नाही बोलू शकत. तर ती गोष्टच खोटी आहे! वीम्स नावाचे एक पाद्री होते, गावोगाव पुस्तकं विकायचे, वॉशिंग्टन गेल्यावर त्यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि १८०६ च्या आवृत्तीत हा किस्सा घुसडून दिला. खरेपणाची गोष्टच बनावट निघाली म्हणजे बघा. पण खरं सांगू का, अमेरिकेच्या या सुरुवातीच्या पुढाऱ्यांच्या डायऱ्या आणि पत्रं उघडली की असलं काही रचायची गरजच उरत नाही.

हाच जॉर्ज चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याला समुद्रावर पाठवायचं घाटत होतं, आणि तेही इंग्रजांच्या जहाजांवर. आईचं मन काही होईना. तिने इंग्लंडमधल्या आपल्या भावाला विचारलं, तर मामाचं उत्तर आलं, त्यापेक्षा पोराला कल्हईवाल्याकडे शिकायला ठेव. संपला विषय. पुढे ज्या इंग्रजांशी लढला त्यांच्याच आरमारात जाता जाता राहिला हा माणूस.

मग सोळाव्या वर्षी, १७४८ मध्ये, तो जमिनीच्या मोजणीला व्हर्जिनियाच्या रानात गेला. एका मुक्कामी चांगल्या घरच्या मुलासारखे कपडे काढून व्यवस्थित झोपायला गेला तर बिछाना म्हणजे थोडंसं गवत आणि वर एक फाटकी घोंगडी, आणि त्या घोंगडीत तिच्या दुप्पट वजनाच्या उवा-पिसवा! हे दुप्पट वजन त्याचंच हं, डायरीत लिहिलंय. उठला, कपडे चढवले, आणि ठरवून टाकलं की यापुढे उघड्यावर शेकोटीजवळ झोपलेलं परवडलं. तरी कपड्यांनी काही त्याचा पिच्छा सोडला नाही, १७५१ मध्ये नदीत आंघोळ करत होता तेवढ्यात काठावरचे कपडे चोरीला गेले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं.

आता जॉन अ‍ॅडम्स. हा पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. शाळेचा भयंकर कंटाळा. वडील म्हणाले, मग करणार काय तू? हा म्हणाला, शेती. वडीलही खमके, दुसऱ्या दिवशी पहाटे घेऊन गेले चिखलात छपराचं गवत कापायला, दिवसभर राबवलं, रात्री विचारलं, काय जॉन, आवडली का शेती? त्यांना वाटलं पोरगं रडकुंडीला आलं असेल, तर हा म्हणतो, खूप आवडली. वडील म्हणाले, मला नाही आवडली, तू शाळेतच जाणार. आता यावर कोण काय बोलणार!

पण माझा लाडका किस्सा थॉमस जेफरसनचा. १७६२ चा नाताळ, वय १९, रिबेका बरवेल नावाच्या मुलीवर जीव जडलेला, तिचं कागदात कापलेलं छोटं चित्र हा खिशातल्या घड्याळात ठेवायचा. नातेवाईकांकडे मुक्कामाला होता, रात्री उंदरांनी अगदी डोक्याशी ठेवलेलं पाकीट कुरतडलं, मोजे बांधायचे रेशमी पट्टे पळवले, नाचाच्या नव्या सुरावटी लिहिलेले कागदही नेले, आणि वरून छप्पर गळून घड्याळात पाणी शिरलं ते वेगळंच. चित्र वाळवायला बाहेर काढायला गेला तर ते हातातच फाटलं. ऐन नाताळच्या दिवशी हे सगळं रडगाणं त्याने मित्राला पत्रात कळवलं. पुढच्या वर्षी विल्यम्सबर्गच्या रॅली टॅव्हर्नमध्ये तिच्याबरोबर नाचायचा योग आला, काय बोलायचं ते डोक्यात छान तयार केलेलं, आणि ऐन वेळी तोंडातून निघाली फक्त तुटकी वाक्यं, मध्ये मध्ये लांबलचक शांतता. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून देणारा माणूस हा! रिबेकाने दुसऱ्याशी लग्न केलं.

आणि बेन फ्रँकलिन, तो तर पक्का इरसाल. बॉस्टनमध्ये मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करायचा, भाऊ आपलं लिखाण छापणार नाही हे माहीत होतं, मग १७२२ मध्ये, वय १६, सायलेन्स डूगुड नावाच्या मध्यमवयीन विधवेच्या नावाने पत्रं लिहून रात्री छापखान्याच्या दाराखालून सरकवायला लागला. चौदा पत्रं छापून आली! भाऊ आणि त्याची मित्रमंडळी, कोण बरं ही हुशार बाई, म्हणून डोकं खाजवत बसले आणि हा तिथेच छपाईचे खिळे जुळवत मजा बघतोय. पुढच्या वर्षी भावाच्या माराला कंटाळून पळाला तो फिलाडेल्फियाला. तिथे तीन पेनीला तीन मोठाले पाव मिळाले, खिशात जागा नाही, म्हणून दोन काखेत आणि एक खात खात मार्केट स्ट्रीटवरून चालला. एका घराच्या दारात डेबोरा रीड नावाची मुलगी उभी होती, तिला हे ध्यान बघून भलतीच गंमत वाटली. नंतर दोघांचं जुळलं, मग हा गेला लंडनला, आणि तिथून तिला पत्र किती लिहावीत, तर एक, ते पण इतक्यात काही मी परत येत नाही हे सांगायला. तिने वैतागून दुसऱ्याशी लग्न केलं, तो नवरा कर्ज करून पळाला, आणि शेवटी १७३० मध्ये डेबोरा या पाववाल्याच्याच गळ्यात पडली.