केंट स्टेट : ४ मे १९७० ची आठवण

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात, प्रेंटिस हॉल या वसतिगृहाजवळच्या वाहनतळात, चार ठिकाणी कोणीही गाडी उभी करत नाही. दगडी कडा आणि दिव्यांचे बुटके खांब यांनी आखलेल्या या जागांवर ४ मे १९७० रोजी ॲलिसन क्राउझ, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर आणि विल्यम श्रोडर हे विद्यार्थी गोळ्या लागून पडले.

व्हिएतनामचे युद्ध कंबोडियातही नेत असल्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला केली आणि तिच्या निषेधार्थ देशभरातील विद्यार्थी बाहेर पडले. केंटमध्ये ओहायो नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव लष्करी दलाच्या जवानांनी १३ सेकंदांत ६० हून अधिक गोळ्या झाडल्या. चौघे गेले, नऊ जखमी झाले. सँड्रा निदर्शनात नव्हतीच. ती वर्गाकडे निघाली होती.

ही आठवण विद्यापीठाने सहज जपली, असे म्हणता येत नाही, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवे. पाच वर्षांनी प्रशासनाने स्मृतिदिनाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी 'मे ४ टास्क फोर्स' स्थापन करून ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. १९७७ मध्ये घटनास्थळाच्या काही भागावर व्यायामशाळेची इमारत उभारायचे ठरले, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिथे तंबू ठोकून दोन महिने मुक्काम केला. अखेर सुमारे १९० जणांना अटक झाली आणि इमारत उभी राहिलीच.

१९७१ पासून दर वर्षी ३ मेच्या रात्री मेणबत्त्या घेऊन लोक परिसरातून मूकपणे चालतात आणि त्यानंतर गोळीबाराच्या वेळेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांपर्यंत, त्या चारही ठिकाणी पाळीपाळीने उभे राहतात. १९९० मध्ये ग्रॅनाइटचे स्मारक झाले आणि युद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी टेकडीवर डॅफोडिलची ५८,१७५ रोपे लावण्यात आली. परंतु मुले जिथे पडली, तिथे मात्र १९९९ पर्यंत गाड्या उभ्या राहतच होत्या; मृतांच्या कुटुंबीयांनी आणि विद्यार्थ्यांनी सतत मागणी केल्यावरच त्या जागा राखून ठेवल्या गेल्या.

जखमींच्या जागांवर खुणा बसवायला २०२१ साल उजाडले. त्या नऊ जणांत कमरेखाली कायमचा लुळा झालेला डीन काहलर होता, आणि जवानांपासून २०० मीटरहून अधिक अंतरावर गोळी लागलेला एक विद्यार्थीही होता.