मार्चचं हिम

(दृश्य: काळ्या समुद्राचा किनारा, ओळीने ताडाची झाडं)

फेब्रुवारी २०१४. रशियातलं सोची. भर दुपारी लोक कोट काढून हातावर टाकून समुद्राकाठी फिरताहेत. आणि याच शहरात हिवाळी ऑलिम्पिक चालू आहे.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. इथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवू: माणसाने पाणी गोठवून केलेला तो बर्फ, आणि डोंगरावर साचतं ते हिम. उबदार शहराला बर्फ जमतो. अडतं ते हिमापाशी.

(दृश्य: रिकामी रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान, पाण्याचा थर देणारं यंत्र)

रिंकवरचा बर्फ जेमतेम तीन-चार सेंटीमीटर जाड असतो. खाली काँक्रीट, त्यात नळ्यांचं जाळं, आणि नळ्यांतून फिरतं शून्याखालीही न गोठणारं द्रावण. वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक चढवत जायचे. फिगर स्केटिंगला बर्फ किंचित मऊ लागतो, उडीनंतर बुटाखालचं पातं नीट रुतावं म्हणून. आइस हॉकीला अधिक थंड आणि टणक. वर छप्पर असलं, हवेतला दमटपणा काढून टाकला, की बाहेरच्या उन्हाचं काही चालत नाही.

डोंगराला छप्पर नसतं.

(दृश्य: धुक्यातला उतार, हेलिकॉप्टर)

२०१०. कॅनडातलं व्हँकूवर, त्या वर्षीच्या हिवाळी ऑलिम्पिकचं यजमान. तिथला जानेवारी तोवरच्या नोंदींमधला सर्वात उबदार ठरला. शहराजवळच्या सायप्रस माउंटनवर पाऊस पडू लागला. मग पेंढ्याचे गठ्ठे रचून उतारांना आकार दिला आणि त्यावर ट्रकने, हेलिकॉप्टरने आणलेलं हिम पसरलं. शर्यती पार पडल्या, पण प्रेक्षकांनी उभं राहायच्या जागी हिमच टिकेना. २८ हजार तिकिटं रद्द करावी लागली.

सोचीने हे पाहिलं होतं. तिथे आदल्या हिवाळ्यातलं लाखो घनमीटर हिम जाड आच्छादनाखाली उन्हाळाभर जपलं. शिवाय हिम तयार करणारी यंत्रं होतीच. ती पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतात, आणि थेंब जमिनीवर येईपर्यंत गोठायला हवेत. त्यासाठी हवा थंड हवी आणि शक्यतो कोरडी: थेंबातलं थोडं पाणी वाफ होऊन जातं, उरलेलं त्यामुळे आणखी गार होतं. दमट हवेत ही वाफ फारशी होत नाही. समुद्राजवळच्या डोंगरांची खरी अडचण तीच.

(दृश्य: बसून स्की करणारा खेळाडू, उतारावर)

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. ऑलिम्पिकचे पाहुणे परततात, आणि मार्चमध्ये त्याच उतारांवर पॅरालिम्पिकचे, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकचे, खेळाडू येतात. तोवर ऊन चढलेलं असतं. दुपारी हिमाचा लगदा होतो. उभा स्कीपटू खाचखळग्याचा धक्का गुडघ्यांवर झेलतो. बसून स्की करणाऱ्याला ती सोय नसते. आसनाखालचा स्प्रिंग झेलेल तेवढाच, बाकीचा थेट पाठीत.

उपाय म्हणून मार्गावर मीठ टाकतात. मिठाने वरचं हिम वितळतं, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतं, आणि ते पाणी पुन्हा गोठून टणक कवच धरतं. हे कवच थोडाच वेळ तग धरतं. पहिले काही खेळाडू त्यावरून जातात. मागून सुटणाऱ्यांना फुटलेला, चरे पडलेला मार्ग मिळतो. यजमान शहर ठरवताना त्या डोंगरावरची मार्चमधली दुपार आधी बघावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: शेवटचा खेळाडू सुरुवातीच्या फाटकापाशी, खाली ओला उतार)