कुलूप पक्कं, पण पासवर्ड कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

१८ ऑगस्ट २०१३. बर्लिनहून रिओला निघालेले डेव्हिड मिरांडा विमान बदलायला लंडनच्या हीथ्रोवर उतरले आणि पोलिसांनी त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली जवळपास नऊ तास अडकवून ठेवलं. त्यांचे जोडीदार ग्लेन ग्रीनवाल्ड तेव्हा ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रात, अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांवर लिहीत होते. लॅपटॉप, फोन, पेन ड्राइव्ह, सगळं जप्त झालं. पण ट्रूक्रिप्ट या, फाइलींना कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरने बंद केलेल्या फाइली उघडणं फार अवघड जातंय, हे पोलिसांनीच कोर्टात सांगितलं. त्याच कोर्टात सरकारी अधिकारी म्हणाले, एका फाइलीचा पासवर्ड मिरांडांजवळच कागदावर लिहिलेला सापडला. ग्रीनवाल्ड यांनी ते साफ नाकारलं. खरं काय ते असो; धोका कुठे असतो ते मात्र कळलं.

ट्रूक्रिप्ट २०१४ मध्ये बंद पडलं. त्यातूनच निघालेलं व्हेराक्रिप्ट आज फुकट मिळतं. एकदा ते घेतलं की पुढे इंटरनेट लागत नाही. फाइल तुमच्याच मशीनवर बंद होते आणि तिथेच उघडते. म्हणून पत्रकाराने जुना का होईना, एक लॅपटॉप कायम नेटबाहेर ठेवावा. व्हायरस घुसलेल्या मशीनवर तुम्ही पासवर्ड टाइप केलात, तर एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलीचं हे कुलूप, कितीही भक्कम असो, काय उपयोग?

आणखी एक. उघडी फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्यायची, मग एन्क्रिप्ट करायची आणि मूळ फाइल डिलीट करायची, असं बरेच जण करतात. डिलीट केलेली फाइल पुष्कळदा परत काढता येते हो! कागदपत्रं पहिल्यापासून व्हेराक्रिप्टमध्येच ठेवा. काम झालं की लॅपटॉप नुसता मिटू नका, पूर्ण बंद करा. चालू मशीनच्या मेमरीत फाइल उघडायची किल्ली शिल्लक राहते. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द घ्या. तो विसरलात तर कुणीही नवा काढून देणार नाही, हेही आत्ताच ऐकून ठेवा.

आता कायदा. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार फाइल उघडून देण्याचा आदेश काढू शकतं. नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून माहिती देणाऱ्याचं नाव मी तर एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीतसुद्धा लिहिणार नाही.