स्वित्झर्लंडच्या गवतात शिरले आणि आईचा ओरडा खाल्ला

(पडद्यावर: कमरेएवढं गवत, पिवळी-जांभळी रानफुलं, मागे बर्फाचा डोंगर आणि त्यातून चालणारी मी. संगीत नाही, नुसत्या गाईंच्या घंटा.)

नमस्कार मंडळी! हा शॉट नीट बघून घ्या. छान आलाय ना? यानंतर दहाव्या सेकंदाला मला दोन ओरडे बसलेत. एक तिथल्या शेतकरीण बाईंचा, जर्मनमध्ये. दुसरा आमच्या मातोश्रींचा, शुद्ध मराठीत. दुसरा जास्त लागला.

तर झालं असं. मी आणि आई, आम्ही दोघी यंदा जूनमध्ये स्वित्झर्लंडला २४ दिवस राहून आलो. फिरून नाही, राहून. सात दिवसांत पाच देश वगैरे आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून एकच गाव धरलं, वेंगेन. लाउटरब्रुनेनच्या दरीवर १,२७४ मीटर उंचीवर बसलेलं. तिथे गाडीरस्ता जातच नाही. दातेरी रुळांच्या रेल्वेने चढायचं, आणि बॅगा ओढत घर गाठायचं.

पहिला आठवडा सगळ्यांचा जातो तसाच गेला. युंगफ्राउयोखला गेलो. ३,४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, डोंगर पोखरून १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं खपून केलेलं. आणि वर पोचलो तर काय? ढग. चारी बाजूंनी पांढरंफटक. आई म्हणाली, "अगं, हे तर महाबळेश्वरला जुलैत फुकट दिसतं." तेव्हा एक लक्षात ठेवा, तिकीट काढायच्या आधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. आम्ही बघितलं नव्हतं.

ट्रुमेलबाखचे धबधबे मात्र चुकवू नका. डोंगराच्या पोटातून पाणी उतरतं, वरच्या हिमनद्यांचं, जोर असला की सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही.

असो. मूळ मुद्दा गवताचा.

दुसऱ्या आठवड्यात मला हा शॉट हवा होता. पायवाट सोडली, गवतात शिरले, हात पसरले. वरच्या उतारावरून बाई हाका मारायला लागल्या. मला वाटलं, खाजगी जागा असेल. आई पायवाटेवरच उभी होती. तिचं माहेर भोरकडचं, गुरं-वैरण यात वाढलेली. ती म्हणाली, "अगं बये, उभ्या पिकात शिरलीस तू! ही वैरण आहे त्यांची. तुडवलेलं गवत विळ्याला लागत नाही."

मी खाली बघितलं. माझ्या मागे गवत आडवं झालेलं, सरळ पट्टाच्या पट्टा. मी ज्याला 'निसर्ग' म्हणत होते ते कुणाचं तरी शेत होतं.

बाई खाली आल्या. मी सॉरी म्हटलं, त्या हसल्या, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. आईचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांवर जातात. तोवर खालचं गवत कापायचं, वाळवायचं, कोठारात भरायचं, कारण हिवाळाभर गाई गोठ्यातच. सपाटीला मशीन चालतं. जिथे मशीन उलटेल अशा चढावर माणूस उभा राहतो, लांब दांड्याचा विळा घेऊन. त्यांच्या नवऱ्याच्या कमरेला एक छोटं भांडं लटकत होतं, आत पाणी आणि धार लावायचा दगड. दर थोड्या वेळाने थांबायचं, पात्याला दोन्हीकडून दगड फिरवायचा, पुन्हा सुरू.

आता गंमत ऐका. साधारण १,८०० मीटरच्या खालचे हे बहुतेक उतार मुळात जंगलाचे आहेत. शेकडो वर्षं माणसांनी झाडं काढली, गुरं चारली, गवत कापलं, म्हणून आपल्याला ती मऊ हिरवी चादर दिसते. कापणं आणि चराई थांबली की आधी झुडपं येतात, मग झाडं. आल्प्समध्ये सोडून दिलेल्या कुरणांवर तसं होतंही आहे.

पण एवढ्या उतारावर गवत कापून पोट भरतं का? नुसत्या दुधावर अवघड आहे. म्हणून सरकार पैसे देतं. १९९६ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच लिहून घेतलं की शेतीचं काम नुसतं धान्य-दूध पिकवणं नाही, तर परिसर राखणं हेही आहे. आज देशभरातल्या शेतकऱ्यांना मिळून वर्षाला सुमारे २८० कोटी फ्रँक थेट दिले जातात. त्यात चढाचं गवत कापण्याचे वेगळे, गाई उन्हाळ्यात वर नेण्याचे वेगळे. म्हणजे आपण ज्याच्यापुढे सेल्फी काढतो, त्याचा मेंटेनन्स तिथला करदाता भरतो.

पायवाटांचंही तेच. पिवळ्या पाट्यांच्या वाटा देशभर मिळून ६५,००० किलोमीटर! त्यांचं कलमही घटनेत आहे, १९७९ पासून. त्या पाट्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, वेळ असतो. 'दीड तास' लिहिलेलं असलं की आई म्हणायची, "त्यांचा दीड. आपले तीन." आणि व्हायचेही तीनच.

आपल्याकडे कास पठारावर कुंपण घालावं की गुरं चरू द्यावीत, यावरून वाद झालेत. तिथला जांभा खडक, आपला पाऊस, गणित अगदी वेगळं आहे. सरळ तुलना करू नका. पण 'फुलं आणि गुरं' हा प्रश्न बघताना मी आता आधी विचारते, तिथे राबतं कोण?

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी दरीच्या तोंडाशी ढग दाटले. बाईंचं गवत वाळत पडलेलं. आई खिडकीतून म्हणाली, "भिजणार हं त्यांचं," आणि चपला घालून निघालीच. मी कॅमेरा उचलला. तिने मागे वळून बघितलं. मी कॅमेरा ठेवला. म्हणून त्या तासाभराचं फुटेज नाही. लाकडी दाताळं, टाचेला उतार, आणि आई माझ्या दुप्पट वेगाने ओढतेय एवढं सांगू शकते. निम्मं आत गेलं, निम्मं भिजलं.

खर्च किती आला, हे कमेंटमध्ये सगळे विचारताय. पुढच्या रविवारी सांगते. हिशेबाची वही आईकडे आहे, तेव्हा तीच बसेल इथे.