ओल्या हाताचा इंटरफेस

(सकाळ. नाशिक, भद्रकालीचा भाजीबाजार.)

मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणं चालू आहे. मावशींचे दोन्ही हात ओले. गिऱ्हाईक पाटीला अडकवलेला क्यूआर कोड स्कॅन करतं आणि गोणपाटाआडून आवाज येतो, ‘वीस रुपये प्राप्त झाले.’ मावशी मान डोलावतात, जुडी पुढे करतात. फोन कमरेच्या पिशवीतच. स्क्रीन त्यांनी पाहिलेलीही नाही.

माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात, त्या जागेला इंटरफेस म्हणतात. मावशींसाठी ती जागा म्हणजे हा तळहाताएवढा स्पीकर. इथवर यायला बरीच वर्षं गेली आणि बरेच पैसेही बुडाले.

(कॉलेज रोड. जुने फोटो.)

साल २०००. सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन बसायचं. मोडेम किरकिरायचा, मग एखादा फोटो पडदा सोडावा तसा वरून खाली उतरायचा. तोवर चहा पिऊन यावं.

तेव्हा लंडनमध्ये बू डॉट कॉम नावाचं कपड्यांचं दुकान इंटरनेटवर चालू होतं. नोव्हेंबर १९९९ मध्ये उघडलेलं. बूट, जॅकेट गोल फिरवून बघा, जवळ आणून बघा. शिवाय मदतीला ‘मिस बू’ नावाची पडद्यावरची बाई. दिसायला झकास! पण गिऱ्हाइकांच्या घरी तोच किरकिरा मोडेम. पान उघडेपर्यंतच माणूस कंटाळायचा. मे २००० मध्ये दुकान बंद झालं, तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च झाले होते. आजच्या फोनवर तेच बूट आपण बोटाने फिरवतो. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. ज्याच्या हातात ती द्यायची, त्याच्याकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मार्च २००० नंतर अमेरिकेचा शेअर बाजार गडगडला आणि अशा इंटरनेट कंपन्या बुडण्याची रांगच लागली. घरपोच किराणा देणारी वेबव्हॅन जुलै २००१ मध्ये बुडाली. तिचं दुखणं वेगळं होतं: गिऱ्हाईक जमायच्या आधीच अवाढव्य गोदामं.

(गंगापूर रोड. बंद शटर.)

किराण्याचंच एक ॲप आमच्या ओळखीच्या दोघांनी इथे काढलं होतं. मेहनती पोरं. पण शेजारच्या काकू वाण्याला फोन लावायच्या आणि म्हणायच्या, ‘नेहमीचं पाठव.’ संपला विषय! ॲपमध्ये त्याच सामानासाठी डाळीचे फोटो, वजन, पत्ता, ओटीपी. त्या दोन शब्दांपुढे ॲप वर्षभरही टिकलं नाही.

(जुनी कृष्णधवल दृश्यं.)

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबर्ट या अमेरिकी संशोधकांनी माऊस चालवून दाखवला, तेव्हा तो चमत्कारच होता. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने तो घराघरांत जायची वाट मोकळी केली, २००७ च्या आयफोननंतर माऊसचं काम बोटावर आलं. आता वारं बोलण्याकडे आहे. बटणं शोधायची नाहीत, हवं ते तोंडाने सांगायचं. काकूंचं ‘नेहमीचं पाठव’ यंत्राला कळावं, यासाठी जगभर खटाटोप चाललाय. गंमतच आहे.

(पिंपळगाव बसवंतचा कांदाबाजार. ट्रॅक्टरची रांग.)

मार्च महिना. कळवणकडचे एक दादा ट्रॅक्टरवर बसून फोनला विचारतात, ‘कांदाना भाव काय शे?’ अहिराणी फोनला झेपत नाही. दादा हसतात, शुद्ध मराठीत पुन्हा विचारतात. फोन लगेच एक आकडा सांगतो, ठणठणीत आवाजात.

रांगेतला मागचा शेतकरी तो ऐकतो आणि विचारतो, ‘लालचा का उन्हाळचा?’

दादा फोनकडे बघतात.