वाळूत सापडलेलं युद्ध

पडद्यावर एका लहानग्याचा चेहरा. दहा मिनिटं कॅमेरा त्याला सोडत नाही. समोर बाहुल्यांचा खेळ चाललाय, तो आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की पोरगं हसतं, दचकतं, रडकुंडीला येतं. 1978 साली, सोव्हिएत लात्वियात हर्झ फ्रँक यांनी केलेला हा लघुपट. कॅमेऱ्यामागे होते यूरिस पोडनिएक्स.

यात इतिहास नाही. पण देशाच्या इतिहासावरचे चांगले लात्वियन चित्रपट पाहिले, की हाच डाव ओळखू येतो. घटना चौकटीबाहेर, आपण बघायचं मुलाचं तोंड.

'माझं आवडतं युद्ध', 2020. इल्झे बुर्कोव्स्का याकोबसेन यांनी आपलं बालपण अ‍ॅनिमेशनमध्ये मांडलंय. छोट्या इल्झेला युद्ध मनापासून आवडतं. का नाही आवडणार? टीव्हीवर पोलिश मालिका लागते: एक रणगाडा, चार शिपाई आणि एक कुत्रा. आपले कोण, शत्रू कोण, सगळं आधीच ठरलेलं. घरात मात्र हिशेब जुळत नाही. वडील कम्युनिस्ट पक्षात, आणि आजोबांवर 'राज्याचा शत्रू' असा शिक्का. आणि एके दिवशी खेळायच्या वाळूत माणसाची हाडं निघतात. जर्मन सैनिकाची!

हा सारा मुलूख कुर्झेमेचा, म्हणजे पश्चिम लात्वियाचा. 1945 च्या मे महिन्यापर्यंत जर्मन फौज इथे कोंडलेली होती. मोठ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं, पण बोलायची सोय नव्हती. मग वाळूच बोलली.

मादारा दिश्लेरे यांच्या 'पॅराडाइज 89' मध्ये 1989 चा उन्हाळा आहे. त्या 23 ऑगस्टला ताल्लिनपासून रिगामार्गे विल्निउसपर्यंत तिन्ही बाल्टिक देशांच्या सुमारे 20 लाख माणसांनी सोव्हिएत राजवटीतून सुटण्यासाठी हाताला हात जोडून साखळी केली. पण चित्रपटात घरी कुणी मोठं नाही, सगळा कारभार चार मुलींचा. छोट्या पाउलाला धास्ती एकच, आता युद्ध होणार.

यानिस स्त्रेइच्स यांचा 'माणसाचं पोर' तर राजकारणाच्या वाटेलाच जात नाही. तीसच्या दशकातलं लात्गाले, म्हणजे पूर्व लात्विया, बोन्स नावाचा मुलगा, आणि सगळे संवाद तिथल्या लात्गालियन भाषेत. 1991 मध्ये पडद्यावर ती भाषा ऐकू येणं हीच केवढी घटना होती.

2019 चा 'आत्म्यांचं हिमवादळ' गर्दी खेचून गेला. पहिलं महायुद्ध, सोळा वर्षांचा नायक, लढाया जोरदार. तरी मला तो या रांगेत थोडा कमी पडतो. पोरगं फार लवकर सैनिक होतं, आणि कॅमेराही त्याच्याकडे बघायचं सोडून पलटणीबरोबर धावत सुटतो.